नाव सांगा, गाव सांगा, मग गोळी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या सांजसोबत निवासाचे आदरणीय साहेबराव दादा. मंचावर बसलेल्या आपल्या डॉक्टर दीपमाला मॅडम. ज्यांच्यासाठी आज ही शाल, हा हार, हा नारळ आणलाय त्या आपल्या सत्यभामा सिस्टर. समोर बसलेले सगळे आजी-आजोबा, बाहेरून आलेले पाहुणे, आणि स्वैपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मालनबाई. तुम्हा सगळ्यांना माझा जय भीम, नमस्कार आणि राम राम.

एवढं मला कचरू काकांनी पाठ करून दिलं. याच्या पुढचं माझं माझंच हाय, तर हसू नका.

मी रूपाली. माहेर फुलंब्री, सासर इथंच, पडेगावात. आठवीपर्यंत शिकले. मी इथं आधी फरशी पुसायला लागले, मग आजींना आंघोळी घालायला, आणि मग सिस्टरनी मला हाताला धरून औषधाच्या ट्रॉलीमागं उभं केलं. माझे मालक ट्रकवर असतात, महिना-महिना घरी येत नाय, म्हणून माझी पोरगी सायली माझ्यासंगंच असती. ती काय, भागूबाई आजीच्या मांडीवर बसून हाराची फुलं तोडतीय. सायले, ठेव ते खाली. तोंडात घालू नको.

दादा मला म्हणले, दोन शब्द बोल, सिस्टरचं कौतुक कर आणि खाली बस. कौतुक करते दादा. पण आधीच सांगून टाकते, मी निसतं कौतुक करायला उभी नाय राहिले. सिस्टर पाचच्या एसटीनं पैठणला जायच्यात, कायमच्या. पिशवी भरून दाराशी ठेवलीय. त्या एसटीत त्यांनी बसू नये म्हणून मी माईक धरलाय. निदान मॅडमनी तपासल्याबिगर बसू नये. आज दुपारी सिस्टरची स्वतःची गोळी मी त्यांना दिली नाय. ही बघा, पदराच्या गाठीत बांधलीय. त्या माझ्यावर चिडल्यात. बघा की, आत्ता पण कशा बघायल्यात माझ्याकडं.

सिस्टर, तुम्ही मला गप केलं दुपारी. म्हणालात, कार्यक्रमात तमाशा नको. मॅडम गाडीतनं उतरल्या आणि सरळ मंचावर गेल्या, मला त्यांना गाठताच आलं नाय. मग आता मी कुठं बोलू? मॅडम, तुमची बॅग खुर्चीखाली हाय ना? असू द्या जवळ.

का दिली नाय गोळी, ते सांगायचं म्हणजे पहिल्यापासनं सांगावं लागंल. आणि पाहुण्यांनी भिऊ नये. म्हणजे मी भिते, पण तुम्ही भिऊ नका.

सिस्टरची एक रीत हाय. इथल्या लोकांना ठाव हाय, बाहेरच्यांसाठी सांगते. ट्रॉलीवर सगळ्यांच्या नावाच्या खणांच्या डब्या असतात. सकाळ, दुपार, रात. सिस्टर ट्रॉली ढकलत येणार, तुमच्यासमोर उभ्या राहणार आणि तुम्हाला रोज बघत असल्या तरी विचारणार, "नाव सांगा." मग विचारणार, "गाव सांगा." तुम्ही दोन्ही बरोबर सांगितलं तर तळहातावर गोळी. मग पाणी, मग तोंड उघडा, जीभ वर करा. नाव-गाव चुकलं, की गोळी थांबली. आधी शुगर बघायची, बीपी बघायचं, मॅडमना फोन लावायचा.

मला पहिल्यांदा लई हसू आलं व्हतं. मी म्हणले, "सिस्टर, एवढी वर्षं ह्या आजींना तुम्ही गोळी देताय, त्यांचं नाव तुम्हाला ठाव नाय व्हय?" तर म्हणल्या, "मला ठाव हाय गं. तिला आज ठाव हाय का, ते बघते. माणूस आतून बिघडायला लागला की आधी गाव निसटतं."

कचरू काका तर रोज दंगा करायचे. सिस्टरनी गाव विचारलं की म्हणायचे, "जन्माचं सांगू, का सासुरवाडीचं सांगू? सासुरवाडीत जेवण बरं व्हतं."

सिस्टर म्हणायच्या, "काका, गोळी देऊ का झाडू देऊ?"

"झाडू नको बाई, तो घरी लई खाल्ला. लिहून घ्या, कचरू, गाव दौलताबाद, किल्ल्याच्या खाली."

हसा काका, हसा. तुमच्याकडं पण यायचंय मला.

सिस्टर तिसरा एक सवाल विचारतात. "काय खाल्लं?" निसतं "जेवला का" नाय. काय खाल्लं ते सांगायचं. वरण खाल्लं, भाकर खाल्ली, कशाची भाजी. मी आले तेव्हा हा सवाल पण चालूच व्हता. तो कधीपासनं सुरू झाला ते मला ठाव नव्हतं. ते मला भागूबाई आजींमुळं कळलं.

भागूबाई आजी, सांगू ना? मान हलवायल्यात. सांगते.

त्या दिवशी दुपारची ट्रॉली व्हती. बाहेर लख्ख ऊन, आत कूलरचा आवाज. मी पाण्याचा जग धरून उभी. सिस्टरनी विचारलं, "आजी, नाव सांगा." भागूबाईंनी तळहात पुढं केला. पण रोजच्यासारखा नाय. अंगठा आत मुडपून, दाबून, जसा काय हाताला अंगठाच नाय. आणि म्हणल्या, "बद्रीनाथ."

मी फिस्सकन हसले. म्हणलं आजीला पण कचरू काकांचा वारा लागला. आणि वर बघितलं तर सिस्टरचं तोंड पांढरं पडलेलं.

सिस्टरनी हळूच विचारलं, "गाव?"

आजी म्हणल्या, "सोयगाव."

आवाज आजींचाच व्हता. मी खोटं बोलणार नाय, बाप्याचा आवाज-बिवाज काय नव्हता. पण लई दमलेला. शेतातनं चालत आलेलं माणूस बोलतं ना, तसा.

सिस्टर मला म्हणल्या, "मशीन आण. पळ." बोटाला सुई टोचून बघितलं तर साखर पार खाली. आजींची दाढ दुखत व्हती, त्यांनी सकाळचं ताट चिमण्यांना घातलं आणि सांगितलं खाल्लं म्हणून. पोटात काय नाय आणि सकाळची साखरेची गोळी मात्र गेलेली. वरनं दुपारची गेली असती तर? ग्लुकोजचं पाणी पाजलं, घाम पुसला, मॅडमना फोन केला. थोड्या वेळानं आजी ताज्यातवान्या. म्हणल्या, "मी? मी तर भागूबाईच म्हणले. बद्रीनाथ मी कशाला म्हणू?"

संध्याकाळी ट्रॉली पुसताना मी विचारलं, "सिस्टर, बद्रीनाथ कोण?"

त्या पुसतच राहिल्या. मग म्हणल्या, "तू यायच्या आधी इथं राहायचे. सोयगावचे. कापसाची शेती व्हती. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांचा अंगठा गेला व्हता. लाजायचे त्याला. गोळी घेताना हात असा धरायचे, थोटूक आत मुडपून."

"मग?"

"मग काय. श्रावणातला सोमवार व्हता. त्यांनी कडक उपास धरला, पाणी सोडून काय नाय. मला सांगितलं नाय. सांगितलं असतं तर मी उपास मोडायला लावला असता, म्हणून. मी नाव विचारलं, बरोबर. गाव विचारलं, बरोबर. म्हणलं जेवला का, तर म्हणले व्हय सिस्टर, पोटभर. मी साखरेची गोळी दिली. ते व्हरांड्यात त्या निळ्या खुर्चीवर जाऊन बसले. आम्हाला वाटलं डुलकी लागली."

एवढंच बोलल्या. त्या दिवसापासनं त्यांनी "जेवला का" विचारायचं सोडलं आणि "काय खाल्लं" विचारायला लागल्या. आणि बद्रीनाथ काकांची रिकामी डबी त्यांनी फेकली नाय. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात असती. रोज सगळ्या डब्या धुताना ती पण धुतात.

मॅडम, तुम्हाला आठवतंय, सिस्टरनी तुम्हाला विचारलं व्हतं तेव्हा तुम्ही काय म्हणाला ते? तुम्ही म्हणाला, साखर उतरली की माणूस बरळतो, कानात रोज पडलेलं नाव तोंडात येतं. इतकी वर्षं शेजारी ते नाव ऐकलंय आजींनी. मला पण ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. लहान लेकरू घेऊन कामाला येणाऱ्या बाईला पटवून घ्यावंच लागतं. ट्रॉली ढकलताना मी निळ्या खुर्चीकडं बघायचं सोडलं, एवढंच.

पण त्याच्यानंतर कचरू काका.

काका, तुम्ही हसायचे थांबलात आता. त्या दिवशी पण असंच झालं. सिस्टरनी विचारलं नाव सांगा. मी म्हणलं आता सासुरवाडी येणार. तर काका गप. काका आणि गप! मग हात पुढं आला. अंगठा आत.

"बद्रीनाथ. सोयगाव."

मी म्हणले, "काका, असली चेष्टा करू नका हो, अंगावर काटा येतो." काकांनी माझ्याकडं बघितलं, पण ओळखीचं बघणं नव्हतं ते. सिस्टरनी बीपीचा पट्टा बांधला. बीपी एकदम खाली. मग त्यांनी डबीतली गोळी सोडून पाकीटच उजेडात धरलं. मॅडमनी काकांची गोळी कमी करून दिली व्हती, आणि दुकानातनं जुनीच, जास्त ताकदीची आली व्हती. पाकीट तसंच, रंग तोच, निसता आकडा बारीक अक्षरात वेगळा. सिस्टर त्या आठवड्यात रजेवर व्हत्या तेव्हा ते भरलं गेलं. चार दिवस काका ती मोठी गोळी खात व्हते.

नंतर काकांना विचारलं तर म्हणले, "पोरी, मेलेल्या माणसाच्या नावानं चेष्टा करायला मी काय वेडा हाय का? आम्ही दोघं पत्ते खेळायचो. त्याचे माझ्याकडं अजून डाव बाकी हायेत."

काकांना साखर नाय. साखर उतरून बरळले म्हणायला जागाच नव्हती. मॅडम म्हणल्या, बीपी उतरलं तरी तसं व्हतं. असंल. मी आठवी शिकलेली, तुम्ही शिकलेल्या. व्हत असंल.

आता तिसरं सांगते. हे सांगताना माझा आवाज फाटला तर सांभाळून घ्या.

सायली इथं सिस्टर-सिस्टर खेळती. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. वाटीत मुरमुरे घ्यायची, खोक्याची ट्रॉली करायची आणि आजींपुढं उभं राहून म्हणायची, "नाव छांगा. गाव छांगा." आजी पण खऱ्यासारखं सांगतात, हातावर मुरमुरा घेतात, जीभ वर करून दाखवतात. लई गोड वाटतं.

एक दिवस मी कपडे वाळत घालून आले तर ती एकटीच खांबाला टेकून उभी. खेळ अर्धा टाकून. मी लाडानं म्हणले, "काय सिस्टरबाई, आज तुम्हीच आजारी का? नाव सांगा बरं."

तिनं हात पुढं केला.

एवढासा हात. मुरमुऱ्याचा चुरा लागलेला. आणि अंगठा आत.

"बद्रीनाथ," म्हणली.

तिला धड बोलता येत नाय, बोबडं बोलती. माझं ऐकून माझ्या सासूबाईंना ती अजून "छाछूबाई" म्हणती. पण हे नाव तिनं चक्क बोललं, एकेक अक्षर. मी गाव विचारलं नाय. माझी हिंमतच नाय झाली. तिनंच सांगितलं, "सोयगाव."

तिनं त्या माणसाला बघितलेलं नाय हो. ती जन्मली नव्हती तेव्हा ते गेले. कुणी म्हणंल मोठ्यांचं बोलणं कानावर पडलं असंल. पडलं असंल. पण अंगठा? अंगठ्याचं तिला कोण दाखवायला गेलं?

मी किंचाळले. आणि किंचाळताना मला दिसलं की तिचा एक गाल फुगलाय. मी तोंडात बोट घातलं. गालात गोळी व्हती. गुलाबी, ठोक्याची गोळी, काळजाचे ठोके कमी करायची, वरचं गोड साल अजून चघळत व्हती. कुण्या आजीनं सकाळी गालात धरून नंतर थुंकली असंल, ती मुरमुऱ्यात गेली. मॅडम म्हणल्या, एवढ्या लेकराच्या पोटात ती गेली असती तर हृदय तिथंच थांबलं असतं.

त्या दिवशी मी सायलीला कडेवर घेऊन ट्रॉलीच्या खोलीत गेले आणि सिस्टरला म्हणले, "मी उद्यापासनं येत नाय."

"का?"

"का काय? माझ्या लेकराच्या तोंडातनं मेलेला माणूस बोलायला लागला."

सिस्टर म्हणल्या, "तिच्या तोंडात गोळी व्हती. ते बोलले म्हणून तू बोट घातलंस. नसते बोलले तर?"

मला रडू आलं. मी म्हणले, "मग मी त्यांना भ्यायचं का नाय भ्यायचं, तेवढं सांगा."

"भी की. मी पण भिते. रोज ट्रॉली बाहेर काढताना माझे पाय गार पडतात. भीत भीत गोळी दे. जी न भिता देती ना, तिची मला भीती वाटती."

हे कौतुक झालं दादा. याच्याहून मोठं कौतुक मला येत नाय. एवढी वर्षं या बाईनं रोज तीन वेळा, भीत भीत, एवढ्या म्हाताऱ्या माणसांच्या हातावर गोळी ठेवली. नेहमीचंच काम हाय म्हणून कधी घाई केली नाय. कुणाची लेकरं अमेरिकेत, कुणाची पुण्यात, कुणाची इथंच सिडकोत असून लांब. त्यांना ठाव पण नाय की त्यांच्या आई-बापाला कुणीतरी रोज त्यांचं गाव विचारतं. गाव विचारलं की या आजींचं तोंड कसं उजळतं ते मी बघितलंय. दिवसभरात तेवढंच कुणीतरी विचारतं.

बरं. आता आजचं.

आज सकाळी सिस्टरनी ट्रॉलीची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणल्या, आजची दुपार तू एकटीनं कर, मी लांबनं बघते. मी केली. सगळ्यांनी नाव बरोबर सांगितलं, गाव बरोबर सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. मालनबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या, सिस्टर स्टुलावर बसल्या आणि हसून म्हणल्या, "आता मला दे माझी. बघू बाई कशी देती."

त्यांना पण ठोक्याची गोळी चालू हाय. तीच, गुलाबी. मी डबी उघडली, गंमत म्हणून त्यांच्यासारखीच कमरेवर हात ठेवून म्हणले, "नाव सांगा."

सिस्टरनी हात पुढं केला.

मालनबाई, तुम्ही सांगा, मी खोटं बोलते का? ट्रेमधले कप वाजायला लागले तुमचे. सिस्टरचा अंगठा आत व्हता.

"बद्रीनाथ. सोयगाव."

मी गोळी मुठीत धरली. सिस्टर म्हणल्या, "दे ना. काय बघतीस?" मी म्हणले, "सिस्टर, तुम्ही काय म्हणालात?" तर म्हणल्या, "सत्यभामा म्हणलं, पैठण म्हणलं. कान फुटले का?" त्यांना स्वतःला ऐकूच आलं नाय. मी खूप सांगितलं. बीपीचा पट्टा आणला, तर हात झटकला. म्हणल्या, आज माझा शेवटचा दिवस हाय, मला पेशंट करू नको.

सिस्टर, तुम्हीच शिकवलंय. गाव चुकलं की गोळी थांबवायची. माणूस कोण हाय ते बघायचं नाय. भागूबाईंची थांबवली, काकांची थांबवली. मग तुमची का नाय? तुम्हाला एसटीत कुणी नाव विचारणार हाय का? धरणाच्या रस्त्याला गाडी लागल्यावर तुम्ही खिडकीला डोकं टेकून बसाल, आणि लोकांना वाटंल बाईला डुलकी लागली. ती निळी खुर्ची मी रोज बघते, सिस्टर. मला तसली एसटी नको.

दादा, थांबवू नका मला. मॅडम, मी तुमच्या पाया पडते. माझ्यावर विश्वास ठेवू नका, बद्रीनाथ काकांवर ठेवू नका, निसता हात धरून बघा त्यांचा.

उठल्या. मॅडम उठल्या. सिस्टर, हात मागं घेऊ नका, सगळे बघायलेत. हां.

मॅडम, एवढा वेळ काय मोजताय? सांगा ना. तोंडाकडं बघून मला कळंना. घड्याळात बघून परत मोजायल्यात... काय? ठोके लई कमी? मोठ्यानं सांगा मॅडम, मागं ऐकू जात नाय. मॅडम म्हणायल्यात, ठोके एवढे कमी की ही गोळी आज गेली असती तर... तर पुढचं त्यांनी म्हणलं नाय. बरं झालं नाय म्हणलं.

सिस्टर, कधीपासनं व्हतंय? कालपासनं गरगरतंय? आणि कुणाला सांगितलं नाय? "कार्यक्रम होऊ दे म्हणलं." ऐका! कार्यक्रम होऊ दे म्हणलं! बद्रीनाथ काका म्हणले पोटभर जेवलो, आणि तुम्ही म्हणता कार्यक्रम होऊ दे.

दादा, गाडी काढायला सांगा. शाल असू द्या अंगावर, हार काढा, मानेला जड व्हतो. मालनबाई, ती पिशवी परत आत ठेवा.

सिस्टर, जायच्या आधी एकदाच. सगळ्यांसमोर. नाव सांगा.

सत्यभामा.

गाव?

पैठण.

अंगठा दाखवा. उघडा हाय. काय खाल्लं?

काय नाय. सकाळपासनं निसता चहा. बघा! मालनबाई, गाडीत डबा द्या.

नेतायत. हळू, पायरी हाय. काय म्हणल्या त्या? जाता जाता काय म्हणल्या? मॅडम सांगायल्यात, सिस्टर म्हणतायत, "रूपालीला आता कोण विचारणार?"

खरं हाय. ट्रॉली आता माझ्याकडं. किल्ली ही माझ्या कमरेला. ती रिकामी डबी पण माझ्याकडं, ती मी धुवीन, रोज धुवीन. पण मी सगळ्यांना विचारणार आणि मीच आतून बिघडले असंन तर? माझ्या हातानं चुकीची गोळी जायची असंल तर मला कोण थांबवणार? माझं लेकरू इथंच खेळणार हाय.

म्हणून सगळ्या आजी-आजोबांना माझं एक मागणं हाय. उद्यापासनं मी ट्रॉली घेऊन आले की आधी तुम्ही मला विचारा. मग मी तुम्हाला विचारीन. आत्तापासनंच सुरू करू. विचारा. लाजू नका. कचरू काका, तुम्ही सुरू करा.

नाव? रूपाली.

गाव? फुलंब्री. सगळ्यांनी विचारलं, लई बरं वाटलं. हा बघा हात. हा बघा अंगठा, उघडा.

काय खाल्लं? ते...

कोण बोललं ते? हे शेवटचं मागनं आलं, व्हरांड्याच्या दाराकडनं, निळ्या खुर्चीपासनं. काका, तुम्ही? नाय? तुम्ही तर पुढं बसलाय. दाराकडं कुणीच बसलेलं नाय. सायले, इकडं ये. माझ्याकडं ये, पदर धर.

मालनबाई, तुम्ही पण ऐकलं ना? मग ठीक हाय. मग मी एकटीनं नाय ऐकलं.

खाल्लंय, बाबा. सकाळी पोहे खाल्लेत, दुपारी भाकर आणि मेथीची भाजी. लेकराला पण वरणभात चारलाय. खोटं सांगत नाय.

दादांनी मला बोलू दिलं, मॅडमनी ऐकलं, तुम्ही सगळे एवढा वेळ न उठता बसलात, तुमचे लई उपकार. मला भाषणाची सवय नाय. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असंल, कुणाला उलटं बोलले असंन, तर पोर समजून पदरात घ्या. आणि तुम्ही पण, बाबा. तुमच्या नावानं एवढ्या लोकांत बोलले, काय चुकलं असंल तर माफ करा. पण उद्या दुपारी या. मी भीत भीतच येणार हाय.

जय भीम. नमस्कार.